सासूबाईंची किडनी, नगरची मंडळी आणि कमिटीचे फॉर्म

माझ्या नवऱ्याचं किडनी ट्रान्सप्लांट सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात झालं, किडनी सासूबाईंनी दिली, आणि आज दोघंही बरे आहेत. हे आधीच सांगून टाकते कारण त्या काळात असं काही वाचायला घेतलं की मी सरळ खाली जाऊन माणूस वाचला का तेवढं बघायचे आणि मगच वरून वाचायला सुरुवात करायचे. आम्ही नगरचे, आता अहिल्यानगर झालंय पण तोंडात नगरच येतं. मराठी ख्रिस्ती. ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे, आमची मुलगी तेव्हा चौथीत होती.

सुरुवात ऑगस्ट २०२३ ला. पाय सुजायचे, जेवण नको वाटायचं, सगळे म्हणायचे पित्त झालंय. बीपी बघितलं तर १९० च्या वर. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा, ९ आलं, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या. डॉक्टर म्हणाले हे एका महिन्याचं काम नाही, बीपी कित्येक वर्षं वाढलेलं असणार. त्याच आठवड्यात मानेत कॅथेटर टाकून डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा, चार चार तास.

पहिल्या दिवसापासून एक काम करा, रेशनकार्ड आणि आधार फाइलला लावूनच फिरा. हॉस्पिटल महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर तिथं आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं नोंद झाली आणि मंजुरी आली की डायलिसिसचे पैसे लागत नाहीत. आमच्या कार्डावर ह्यांचं नाव आणि आधारवरचं नाव यात फरक होता. आमच्यात अर्ध्या लोकांचं हेच असतं, बाप्तिस्म्याच्या नोंदीत शमुवेल आणि आधारवर सॅम्युएल, त्यात शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. ते दुरुस्त होईपर्यंत डायलिसिसचे पैसे खिशातून गेले, एका वेळचे दोन हजाराच्या आसपास, इंजेक्शन वेगळं. तुमच्या घरात सगळे ठणठणीत असतील तर आत्ताच नावं जुळवून घ्या, आजारपणात सेतूच्या रांगेत उभं राहायला माणूस नसतो.

मग हातात फिस्टुला केला. डाव्या मनगटाजवळ शीर आणि धमनी जोडतात, ती तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. त्यावर बोट ठेवलं की मांजर मांडीवर बसून गुरगुरतं ना, अगदी तशी थरथर लागते. ती रोज सकाळी उठल्यावर बघायची, थांबली तर लगेच डॉक्टरकडे पळायचं. त्या हातावर बीपी घेऊ द्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, नवीन नर्स आली की आपणच आठवण करायची.

आता प्रार्थनेचं. आमच्या घरी रात्रीची कौटुंबिक प्रार्थना कधी चुकत नाही, आई म्हणजे सासूबाई घेतात. त्यांचं माहेर नेवासा तालुक्यातलं, वडील मिशनच्या शाळेत मास्तर, बायबलमधली अर्धी स्तोत्रसंहिता तोंडपाठ. मी पण चर्चमध्येच वाढलेली, शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या बायबलच्या वर्गात, शिकवायचे. आणि नेमकी त्या वेळी मला प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की डोक्यात हिशेब सुरू व्हायचा, पोटॅशियम किती, पाणी किती प्यायले, उद्या दुकान कोण उघडणार. "हे प्रभू" म्हणलं की पुढं शब्दच नाही. हे कुणाला सांगायची लाज वाटायची कारण येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा तुमचा विश्वासच तुम्हाला तारेल, आणि मला वाटायचं मग आमचं कठीणच दिसतंय.

एकदा पाळकसाहेब, आमच्या चर्चचे पास्टर, आले होते, त्यांना चहा देताना मी बोलून गेले की मला प्रार्थना जमत नाहीये. ते उपदेश करत बसले नाहीत. बायबलमधलं मार्क दोन काढलं, त्या पक्षाघाती माणसाला चौघं जण खाटेसकट छपरातून खाली सोडतात ती गोष्ट, आणि म्हणाले हे वाच, येशूने "त्यांचा" विश्वास बघितला असं लिहिलंय, खाटेवर पडलेल्याचा कुठं विचारलाय? तुम्ही सध्या खाटेवर आहात, उचलायचं काम आमचं. मी ती गोष्ट पोरांना पन्नास वेळा शिकवली असेल, चित्र रंगवून घेतलंय, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी रात्री फक्त आमेन म्हणायचे आणि तेवढं पुरतं असं ठरवून टाकलं.

पण उचलायचं काम म्हणजे नुसतं हात जोडणं नाही हे आमच्या महिला मंडळाला बरोबर कळलं. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर पहिला महिना नुसता "प्रार्थनेत आहोत" आणि हात जोडलेले इमोजी, शंभर शंभर मेसेज, आणि प्रत्येकाला फोनवर पहिल्यापासून सगळं सांगून माझा घसा बसायचा. मग चर्चच्या सेक्रेटरींच्या मिसेसनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी सांगितलं की हिला कुणी फोन करायचा नाही, मला करा. रविवारी उपासनेनंतर मी त्यांना आठवड्याची यादी द्यायचे, सोमवारी अमुक तपासणी, बुधवारी दुकानात माल येणार, शुक्रवारी मुलीला शाळेतून आणायला कोणी नाही. त्या ती यादी प्रार्थना विनंती म्हणून वाचून दाखवायच्या आणि शेवटी विचारायच्या, शुक्रवारचं कोण घेतंय? तुमच्या मंडळीत असं कोणी खमकं असेल तर त्याला पकडा. आणि रिपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकू नका, दहा जण दहा अर्थ काढतात.

त्रास देणारे पण आपल्यातलेच असतात. एक ओळखीचे गृहस्थ घरी येऊन डोक्यावर हात ठेवून मोठ्यांदा प्रार्थना करून गेले आणि जाताना म्हणाले आता मशीनवर जायची गरज नाही, गेलात तर तो अविश्वास. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. डायलिसिस चुकवलं की फुफ्फुसात पाणी भरतं, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं, हे इथं स्पष्ट लिहिते, कुणी कितीही अधिकाराने सांगितलं तरी चुकवायचं नाही. आई उठल्या आणि शांतपणे त्यांना म्हणाल्या, भाऊ, हिज्कीया राजा मरायला टेकला होता तेव्हा देवाने प्रार्थना ऐकली, पंधरा वर्षं वाढवून दिली, पण यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिराची चांदकी बांधायला लावलीच ना? बायबलमधलं दुसरे राजे, विसावा अध्याय. मशीन हे आमचं अंजीर. तो माणूस परत आला नाही.

डायलिसिसच्या हॉलमध्ये पुष्कळ वेळ जातो आणि तिथं सगळ्यांचे देव एकत्र बसलेले असतात. एक चाचा तस्बीह घेऊन, एक मावशी दर गुरुवारची शिर्डीची उदी आणायच्या आणि सगळ्यांना पुड्या द्यायच्या. आईंनी दोन्ही हातांनी घेतली आणि पर्समध्ये ठेवली. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, तिने आपल्या पोरासाठी तिच्या देवाजवळ मागितलंय, नाही कसं म्हणू. शेजारच्या खुर्चीवर एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा असायचा, आई त्याच्यासाठी पण नाव घेऊन प्रार्थना करायच्या, रोज. जानेवारीत तो गेला. त्या रात्री आईंनी स्तोत्र ८८ काढलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळतात, स्तुतीवर येतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. त्यांनी ते वाचलं, बायबल मिटलं, आणि काही न बोलता झोपायला गेल्या. मला त्या रात्रीचा फार आधार वाटला, का ते नीट सांगता येणार नाही.

त्या वर्षी, २०२४ ला, उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे २९ मार्चला होता. ह्यांचे डायलिसिसचे वार सोम-बुध-शुक्र, म्हणजे बारा ते तीनच्या उपासनेच्या वेळी हे मशीनवर. तरुण संघाच्या पोरांनी फोनवर लाइव्ह ऐकायची सोय केली, हे एका कानात इअरफोन घालून सप्तोद्गार, म्हणजे येशूची वधस्तंभावरची सात वचनं, ऐकत होते. "मला तहान लागली आहे" हे पाचवं वचन आलं तेव्हा हे एकदम हसले आणि डोळ्यातून पाणी पण. दिवसाला एक लिटरची मर्यादा, त्यात चहा-आमटी सगळं धरून, बर्फाचा खडा चोखून दिवस काढणाऱ्या माणसाला त्या वाक्यावर प्रवचनाची गरज नसते. तीन वाजता मशीनने बीप बीप केलं, पुढचा पेशंट वाट बघत होता.

ट्रान्सप्लांटचं डिसेंबरपासूनच बोलणं चालू होतं. माझा रक्तगट ए, ह्यांचा बी, त्यामुळे मी बाद. आईंचा ओ. वय ६२. हे तयारच होईनात, आईच्या पोटावर सुरी नको म्हणून, आठवडाभर आईशी बोलले नाहीत. आईंनी पण वाद घातला नाही, फक्त रोज प्रार्थनेत मोठ्याने म्हणायच्या की प्रभू, माझ्या मुलाला घ्यायला शिकव. शेवटी हे वैतागून हो म्हणाले. मृत दात्याच्या यादीसाठी पण हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या झेडटीसीसीमध्ये, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय केंद्रात, नाव नोंदवलं होतं, ते करूनच ठेवा, घरातला दाता तपासणीत कुठं अडकेल सांगता येत नाही.

दात्याच्या तपासण्या लांबलचक असतात. साखर, बीपी, छातीचा एक्सरे, प्रत्येक किडनी किती काम करते त्याचं स्कॅन, सीटी अँजिओ, मॅमोग्राफी, मानसोपचारतज्ज्ञाची भेट. एचएलए (दोघांच्या पेशी किती जुळतात ते) आणि क्रॉसमॅच (पेशंटचं रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करतं का ते) वेगळे. दोघांचं मिळून ९० हजाराच्या घरात गेलं. आईंना मध्येच लघवीत इन्फेक्शन निघालं त्यात महिना गेला, मग हिमोग्लोबिन कमी, त्यात अजून एक. फेब्रुवारीत सुरू केलेलं जून उजाडला.

एक गोष्ट मात्र उशिरामुळे बरी झाली. जुलै २०२४ पासून योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झाली आणि किडनी ट्रान्सप्लांटची अडीचवरून साडेचार लाख. पण लक्षात ठेवा, हॉस्पिटल योजनेत आहे म्हणजे तिथलं ट्रान्सप्लांटही योजनेत बसतं असं नाही, आरोग्यमित्राला नेमकं हेच विचारा, किंवा १५५३८८ ला फोन करा. ट्रस्टच्या हॉस्पिटलात गरीब आणि दुर्बल घटकांसाठी दहा-दहा टक्के बेड ठेवावे लागतात, त्याची चौकशी समाजसेवा विभागात होते, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मंडळीने विशेष अर्पण घेतलं होतं तो चेक खजिनदारांनी थेट हॉस्पिटलच्या नावाने काढला, हे फार बरं, आपल्या खात्यात पैसे आले की घरखर्चात कधी जातात कळत नाही आणि हिशेब देताना मान खाली जाते.

मग ट्रान्सप्लांटला मंजुरी देणारी कमिटी. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा, नियम २०१४ चे, आणि त्यात आई-मुलगा हे जवळचं नातं असलं तरी ते कागदावर सिद्ध करावं लागतं. दात्याचा फॉर्म १, नवरा-बायको असतील तर फॉर्म २, दोघांचा मिळून अर्ज फॉर्म ११, ॲफिडेव्हिट, नोटरी, एकत्र फोटो, दोघांचे पत्त्याचे पुरावे. आमचं घोडं अडलं जन्मदाखल्यावर. ह्यांचा जन्म १९८२ चा, आजोळी, घरीच, ग्रामपंचायतीत नोंद नाही. शाळेच्या दाखल्यावर तेव्हा आईचं नाव लिहितच नसत. हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या आईचं नाव असलेला जुना कागद आणा.

मिशनवाल्यांनी नगरात १८३१ पासून बस्तान बसवलं आणि आपल्या लोकांना एक सवय लावून ठेवली, सगळं रजिस्टरात चढवायचं. मी आणि पाळकसाहेबांनी आजोळच्या चर्चचं कपाट उघडलं. वाळवीने कडा खाल्लेल्या, निळी शाई फिकट झालेली, पण १९८३ च्या पानावर बाळाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकाची सही. शेजारच्या रकान्यात कुणीतरी पेन्सिलने "पाऊस फार" असं लिहून ठेवलेलं. त्याचा उतारा लेटरहेडवर, सही शिक्क्यासकट, शिवाय जुनं रेशनकार्ड आणि एचएलएचा रिपोर्ट, एवढ्यावर नातं मान्य झालं. बाप्तिस्म्याचा दाखला एकटाच पुरतो असं नका समजू, जोडकागद म्हणून चालतो. आणि कागद जुळत नसतील तर कमिटी डीएनए तपासणी सांगू शकते, त्याला अजून वेळ आणि पैसे.

कमिटीपुढे आईंना एकटीलाच आत घेतलं, व्हिडिओ चालू. दाता बाई असेल तर जास्तच काळजी घ्यायची असं नियमातच आहे, तिची संमती पेशंट सोडून दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घेतात. आईंनीच बाहेर आल्यावर सांगितलं काय झालं ते. कोणी जबरदस्ती केली का, पैसे कबूल केलेत का, सुनेने काही म्हणलं का असं सगळं विचारलं. तर ह्या म्हणाल्या, नऊ महिने पोटात ठेवला तेव्हा कुणी फॉर्म भरून घेतला नव्हता, आता एवढ्याशा तुकड्याला एवढे कागद. डॉक्टर म्हणाले आजी, हो की नाही तेवढं सांगा. मग म्हणाल्या, नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. घरून निघताना दात्याला प्रश्न पढवून नेऊ नका, साधं खरं बोलू द्या, पण तारखा आणि नावं विचारतात तेवढी आठवण करून द्या.

मंजुरी आली आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तारीख मिळाली. हॉस्पिटलजवळ तीन महिन्यांसाठी खोली घेतली, महिना ९ हजार, दर दोन दिवसांनी नगर-पुणे एसटीने करायचं म्हणजे वाघोलीच्या ट्रॅफिकमध्येच जीव जातो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुन्हा क्रॉसमॅच, त्याचा रिपोर्ट रात्री येतो, तो निगेटिव्ह हवा. पाळकसाहेब भेटीची वेळ संपायच्या आत पोचले, बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे दोघांच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली, आधी सिस्टरला विचारून, फक्त कपाळाला, टाके आणि सलाइनपासून लांब. हे विचारून करा, बऱ्याच ठिकाणी परवानगी मिळते.

सकाळी आईंना आधी नेलं. दुर्बिणीने काढतात, तीन-चार तास. मग ह्यांना. नवीन किडनी पुढं ओटीपोटात उजव्या बाजूला बसवतात, जुन्या तशाच ठेवतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. दोन ऑपरेशन थिएटर, दोन दरवाजे आणि मी मधल्या बाकावर. प्रार्थना तेव्हाही आली नाही. नगरमध्ये चर्चमध्ये सकाळी सातपासून साखळी प्रार्थना चालू होती, अर्ध्या अर्ध्या तासाला माणूस बदलायचा, आणि बदलला की सेक्रेटरींच्या मिसेस मला फक्त नाव टाकायच्या. माझ्या शेजारी दोघी मैत्रिणी बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सुरुवातीला सात दिवस सात रात्री तोंड न उघडता त्याच्याजवळ बसले होते, ते बोलायला लागले तिथून बिघडलं, हे मला तेव्हा पटलं. दुपारी सर्जन बाहेर येऊन म्हणाले लघवी टेबलावरच सुरू झाली. मी त्यांना तीनदा विचारलं, कसली? नवीन किडनी चालू झाली होती.

दोन पेशंट म्हणजे दोन जेवणं, दोन फाइली, दोन मजले. आयसीयूजवळ फक्त एकालाच थांबता येतं. आईंजवळ मंडळीतल्या बायका पाळीपाळीने राहिल्या म्हणून निभावलं. आणि दात्याकडे लोक विसरतात, सगळे ह्यांचं क्रिएटिनिन विचारायचे, आईंना खोकताना पोटाला उशी धरावी लागतीये हे कुणाला दिसायचं नाही. त्या पाच दिवसांत घरी सुटल्या, वजन उचलायला तीन महिने मनाई. ह्यांचं क्रिएटिनिन १.३ वर आलं, दहाव्या दिवशी थोडं वाढलं तेव्हा डॉक्टरांनी रिजेक्शनची, म्हणजे शरीर नवीन किडनी नाकारतंय याची, भीती घातली, स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली, परत उतरलं. सगळं मिळून योजनेबाहेर आमच्या खिशातून तीन लाखांच्या आसपास गेले, तपासण्या, खोली, औषधं धरून.

नाताळात आम्ही पुण्यातून नगरला आलो. फेब्रुवारीत उपकारस्तुतीची उपासना ठेवली आणि मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, सांगितलं. मला त्या डायलिसिसच्या पोराची आई आठवत होती, ती पण कुणाच्या तरी ओळखीने तिथं मागं बसली असती तर काय बोलले असते. म्हणून मी "आमच्या विश्वासामुळे" वगैरे काही म्हणले नाही. कोणी रक्त दिलं, कोणी दुकान उघडलं, कोणी मुलीचा अभ्यास घेतला ती नावं वाचली आणि खाली बसले. एक-दोघांना साक्ष फिकी वाटली म्हणे. आईंना आवडली.

आता रोजचं. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी, बारा बारा तासांनी, आमचे सकाळ-संध्याकाळ नऊ. रक्तात हे औषध किती आहे ती लेव्हल तपासायच्या दिवशी रक्त देईपर्यंत गोळी घ्यायची नाही, डबा सोबत न्यायचा. रविवारची उपासना साडेआठची, त्यामुळे नऊच्या ठोक्याला हे प्रवचनाच्या मध्येच बाटली उघडतात, पहिल्यांदा लोक वळून बघायचे. मास्क लावून शेवटच्या बाकावर खिडकीशी बसतात. प्रभूभोजनाला, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस देतात तेव्हा, आमच्याकडे छोटे वेगळे प्याले असतात म्हणून अडचण नाही, तुमच्याकडे एकच प्याला फिरत असेल तर पाळकांना आधी सांगून वेगळा मागून घ्या, पहिले सहा महिने तर घरीच प्रभूभोजन द्यायची विनंती करा, नाही म्हणत नाहीत. औषधं महिन्याला बारा हजारांची होती, डोस कमी झाल्यावर आठपर्यंत आली आहेत. ब्रँड दुकानदाराच्या सांगण्यावरून बदलायचा नाही, डॉक्टरला विचारूनच. आणि कमिटीला दिलेल्या सगळ्या कागदांचा एक झेरॉक्स संच घरी ठेवा, आम्हाला तो नंतर दोनदा लागला.